खाली आला का तो?

२५ जून २०२५, बुधवार. दुपारचे बारा वाजत आले होते. कणीक मळून झाकून ठेवली होती, आमटीला फोडणी देऊन गॅस बंद केला होता आणि मी नि सासूबाई टीव्हीपुढे बसलो होतो. लेक शाळेला जाताना मला चारचारदा बजावून गेली होती, "आई, सगळं नीट बघ आणि मला सांग हं!"

बारा वाजून एक मिनिटाला अमेरिकेतल्या केनेडी अंतराळ केंद्रावरून रॉकेट उडालं. आत आपले शुभांशू शुक्ला होते. १९८४ साली राकेश शर्मा गेले, त्यानंतर एकेचाळीस वर्षांनी भारताचा माणूस पुन्हा अंतराळात चालला होता. मी हात जोडले. सासूबाईंनीही जोडले. पण दोन-तीन मिनिटं गेली असतील नसतील, त्या पुढं सरकल्या आणि म्हणाल्या, "ती पोरं गेली सुखरूप. पण तो खालचा कुठंय? आला का खाली?"

'तो खालचा' म्हणजे बूस्टर. रॉकेटचा खालचा मोठा भाग, जो वरच्या भागाला रेटा देऊन सुटा होतो आणि माघारी येऊन आपल्या पायांवर उभा राहतो. वर गेलेल्या माणसांइतकीच आमच्या सासूबाईंना त्याची काळजी! सत्तरी ओलांडलेल्या, सातवीपर्यंत शिकलेल्या बाई. तुम्ही म्हणाल, हे खूळ तुमच्या घरात शिरलं कसं? तेच आज सांगते. त्यापायी माझं वॉशिंग मशीन कसं गेलं, तेही सांगते.

बी.ए. झालेल्या बाईला रॉकेट कशाला?

मी इतिहास घेऊन बी.ए. झाले. इथं नवी मुंबईत, सकाळपाळीच्या शाळेत अर्धवेळ शिकवते आणि उरलेला वेळ घर बघते. दहावीला मला विज्ञानात चांगले गुण होते. पण सायन्सचं कॉलेज गावापासून लांब, एस.टी. दिवसातून दोनदा, शिवाय माझ्या पाठीवर दोन भावंडं. "आर्ट्सचं कॉलेज जवळ आहे, तेच घे," असं घरात ठरलं. त्याचं दुःख मी उगाळत बसले नाही. पण पेपरात कुठं उपग्रह सोडल्याची बातमी आली की ती कापून वहीत चिकटवायची, एवढी सवय मात्र राहिली.

त्या वहीतलं एक पान मला अजून आठवतं. १० ऑगस्ट १९७९ रोजी आपलं पहिलं उपग्रह-प्रक्षेपक, एसएलव्ही-३, उडालं आणि थोड्याच वेळात बंगालच्या उपसागरात पडलं. पुढच्याच वर्षी, १८ जुलै १९८० ला, त्याच जातीच्या रॉकेटनं रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. त्या काळात तिरुवनंतपुरमच्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते आपले वसंत गोवारीकर. रॉकेटचं घन इंधन देशात तयार करण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा. आपला मराठी माणूस तिथं होता, हे वाचून मला माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं होतं.

लग्न झालं, वही माहेरच्या माळ्यावर राहिली. पुढं हातात मोबाइल आला आणि उड्डाणं घरबसल्या, घडत असतानाच दिसायला लागली. पोळ्या लाटता लाटता डब्याला मोबाइल टेकवून मी ती बघत असे. आमचे हे म्हणायचे, "त्या रॉकेटपायी एखाद दिवशी आपल्या पोळ्या अंतराळात जायच्या." चेष्टा करायचे, पण मोबाइलचं चार्जिंग संपलं की स्वतःचा आणून द्यायचे.

मशीनचे पैसे

२०१९ च्या मार्चअखेरीला इस्रोनं श्रीहरिकोट्याला तुमच्या-आमच्यासारख्यांना उड्डाण बघता यावं म्हणून उघडी गॅलरी सुरू केली. सुरुवातीला ५,००० माणसं बसतील एवढी. नाव नोंदवायचं, ओळखपत्र दाखवायचं आणि बसायचं. मी ते वाचलं आणि मनात घेतलं. जुलैत चांद्रयान-२ जाणार होतं.

माझ्याकडे पगारातले आणि शिकवणीचे मिळून अठरा हजार साठले होते. ते वॉशिंग मशीनसाठी होते, हे घरात सर्वांना ठाऊक होतं. कोपरखैरण्याच्या आमच्या घरी पाच माणसांचे कपडे तेव्हा हातांनी धुतले जायचे. निम्मे मी धुवायची, निम्मे सासूबाई. म्हणजे ते पैसे माझे असले तरी मशीन दोघींचं होतं. मी भीत भीत विषय काढला. सासूबाईंनी विचारलं, "हौस कुणाची? पोरीची की तुझी?"

पोरीची म्हटलं असतं तर सोपं होतं. पोरांच्या नावावर आपण किती हौशी भागवतो! पण त्या दिवशी खोटं बोलवेना. म्हटलं, "माझीच."

"मग जा," एवढंच त्या म्हणाल्या. आवाजावरून काही कळलं नाही.

शनिवारी कल्याणहून गाडी धरली. रविवारी चेन्नई, तिथून लोकलसारख्या गाडीनं सुल्लुरुपेटा, आणि पुढं पुलिकत सरोवराच्या पाण्यामधून जाणाऱ्या रस्त्यानं श्रीहरिकोटा. मी, हे आणि सात वर्षांची लेक. उड्डाण होतं १५ जुलैच्या पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी. हजारो माणसं जमलेली. कुणी तान्ही मुलं घेऊन आलेलं, कुणी म्हाताऱ्या आईवडिलांना. उकाडा मरणाचा, पण कुणाची तक्रार नाही. मोठ्या पडद्यावर उलटी मोजणी चालली होती. लेक माझ्या मांडीवर झोपली होती. अगदी शेवटी हिला उठवायचं, असं मी ठरवलं होतं.

५६ मिनिटं २४ सेकंद उरले असताना आकडे थांबले.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग जाहीर झालं की काही तांत्रिक बिघाड आढळला आहे, उड्डाण आज होणार नाही. पुढची तारीख नंतर कळवू. माणसं हळूहळू उठली, चटया गुंडाळू लागली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लेकीची टोपी सारखी करायच्या निमित्तानं मी तोंड फिरवलं. आमच्या ह्यांनी ते पाहिलं असावं. म्हणाले, "चल, चहा कुठं मिळतो बघू." परतीची तिकिटं त्याच दिवसाची होती. आणखी राहण्याइतके ना पैसे होते, ना ह्यांची रजा.

घरी पोचलो तर बादलीत कपडे भिजलेले. मी पदर खोचला आणि बसले धुवायला. वाटलं, आता एखादा टोमणा येणार. सासूबाई मोरीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "का थांबवलं त्यांनी?"

"काहीतरी बिघाड होता म्हणे, आई. तासभर आधी लक्षात आला."

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, "मग बरोबरच केलं की. कुकरची शिट्टी अडकली तर आधी गॅस बंद करायचा. जेवायला उशीर झाला तरी चालेल." आणि जाता जाता, "मशीनचे पैसे मात्र गेले ते गेले."

हसावं की रडावं कळेना. पण खरं सांगते, त्या एका वाक्यानं माझ्या मनावरचं ओझं उतरलं. उड्डाण थांबलं म्हणजे बिघडलं असं नव्हे. वेळेवर थांबवता येणं हेही शहाणपणच, हे मला कुकरच्या शिट्टीवरून कळलं.

एवढं लोखंड समुद्रात?

बरोबर आठवड्यानं, २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी तेच रॉकेट उडालं. मी घरात टीव्हीपुढे. सासूबाईंची ती वामकुक्षीची वेळ. तरी उठून आल्या. "बघू तरी, आपलं मशीन कसं उडतंय!"

ते रॉकेट म्हणजे आताचं एलव्हीएम-३. त्रेचाळीस मीटरहून उंच, वजन साधारण ६४० टन. मधला दांडा आणि दोन्ही बाजूंना दोन जाड नळकांडी. सुटताना पेटतात ती ही नळकांडी. त्यांनाच बूस्टर म्हणायचं. प्रत्येकात दोनशे टनांहून अधिक घन इंधन. दोन मिनिटांच्या आत-बाहेर मधल्या दांड्याची दोन 'विकास' इंजिनं पेटतात, आणि जळून संपलेली नळकांडी गळून पडतात. ही विकास इंजिनं कुठं बनतात ठाऊक आहे? आपल्या खाडीपलीकडे, विक्रोळीला, गोदरेजच्या कारखान्यात! आणि रॉकेटच्या बूस्टरचे भाग पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरलाही बनले आहेत. रोज लोकलनं ऐरोलीहून पलीकडे जाणाऱ्या किती जणींना हे माहीत असेल?

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ती दोन नळकांडी पडली कुठं?"

"समुद्रात."

"आणि काढून पुन्हा वापरत नाहीत?"

"नाही."

"अगं बाई! एवढं लोखंड समुद्रात!"

ज्या बाईनं लोणच्याच्या रिकाम्या बरण्या कधी टाकल्या नाहीत, दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवून जपून ठेवल्या, तिला हे सहन कसं व्हावं? मी मोबाइल आणला आणि २०१५ च्या डिसेंबरातलं ते प्रसिद्ध दृश्य त्यांना दाखवलं. अमेरिकेतल्या स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन-९ रॉकेटचा खालचा भाग उपग्रह वर धाडून माघारी येतो आणि जमिनीवर उभा राहतो. रात्रीच्या अंधारात आगीची एक ज्योत खाली येते, धूर होतो, आणि धूर हटल्यावर ते उंच नळकांडं चार पायांवर सरळ उभं! सासूबाईंनी ते चारदा बघितलं. म्हणाल्या, "हे खरं संसारी काम."

परतीचं भाडं

तो येतो कसा, हे मी त्यांना माझ्या पद्धतीनं सांगितलं, तसंच तुम्हालाही सांगते.

फाल्कन-९ ला एकूण दहा इंजिनं. त्यातली नऊ खालच्या भागात. म्हणजे महागामोलाचं सामान बहुतेक खालीच. साधारण अडीच मिनिटांत खालचा भाग सुटा होतो. वरचा पुढं जातो. खालचा वायूच्या छोट्या फवाऱ्यांनी स्वतःला उलटं फिरवतो. मग वेग कमी करण्यासाठी काही इंजिनं पुन्हा पेटवतो. वरच्या अंगाला जाळीसारखे चार पंख उघडतात, त्यांनी दिशा सांभाळली जाते. जमीन जवळ आली की शेवटचं एकदा इंजिन पेटतं, पाय उघडतात आणि तो टेकतो. सगळा खेळ आठ-नऊ मिनिटांचा.

यात खरी गोम कुठं आहे, तर इंधनात. वर जातानाच सगळं जाळून टाकलं तर खाली यायला काही उरणार नाही. म्हणून निघतानाच परतीचं भाडं बाजूला काढून ठेवावं लागतं. त्यामुळं वर न्यायचं ओझं थोडं कमी होतं. ओझं फारच जड असेल तर कधी कधी बूस्टरवर पाणी सोडतात. पण परत आला तर तोच तपासून पुन्हा वापरायचा. २०१७ च्या मार्चमध्ये एकदा वापरलेला बूस्टर पहिल्यांदा पुन्हा उडाला, आणि आता तर एक बूस्टर तीसहून जास्त वेळा जाऊन आलेला आहे.

"मग आपण का नाही करत?" हा सासूबाईंचा पुढचा प्रश्न. आपल्या त्या दोन नळकांड्यांत घन इंधन असतं. दिवाळीतलं झाड एकदा पेटलं की मध्येच विझवता येत नाही आणि पुन्हा पेटवता येत नाही, तसं. उतरायचं तर बंद करून पुन्हा पेटणारं इंजिन हवं. त्या दिशेनं आपल्याकडेही पावलं पडताहेत. 'पुष्पक' नावाचं पंखांचं छोटं यान हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटर उंच नेऊन सोडलं आणि ते कर्नाटकात चित्रदुर्गजवळच्या धावपट्टीवर आपलं आपण उतरलं. २ एप्रिल २०२३ ला पहिल्यांदा, आणि २०२४ मध्ये आणखी दोनदा. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं नव्या मोठ्या रॉकेटला मंजुरी दिली. त्याचा खालचा भाग पुन्हा वापरता येईल असा करायचा आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीला विकास इंजिन बंद करून पुन्हा पेटवून पाहिलं, ते पेटलं.

सांडशी

यानंतर आमच्या घरी उड्डाण म्हणजे सणच झाला. सगळेच सण गोड झाले असं नाही. ७ सप्टेंबर २०१९ ला पहाटे दोनच्या सुमाराला चांद्रयान-२ चं विक्रम यान चंद्रापासून अगदी जवळ असताना त्याचा संपर्क तुटला. लेक रडत झोपली. सकाळी शाळेत वर्गात शिरले तर मुलं गप्प. त्या दिवशी मी इतिहासाचा धडा बाजूला ठेवून मुलांना १९७९ आणि १९८० ची गोष्ट सांगितली. चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ ला, संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चंद्रावर उतरलं. दिवेलागणीची वेळ होती. सासूबाईंनी देवापुढं दिवा लावला आणि मग टीव्हीकडे वळून दुसऱ्यांदा हात जोडले.

आणि १३ ऑक्टोबर २०२४! दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. संध्याकाळी सहाच्या सुमाराला स्पेसएक्सच्या स्टारशिपचा बूस्टर, वीसमजली इमारतीएवढा, तेहतीस इंजिनांचा, परत आला. त्याला पायच नव्हते. ज्या मनोऱ्यावरून तो उडाला त्याच मनोऱ्याच्या दोन लोखंडी हातांनी त्याला अलगद धरलं. आम्ही सगळे ओरडलो. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "सांडशीनं धरलं की त्याला." तापलेलं पातेलं चुलीवरून उतरवायला आपण जे रोज करतो, तेच!

तुम्हालाही बघायचं असेल तर

मैत्रिणींनो, यासाठी सायन्सची पदवी लागत नाही. अर्धा तास आणि थोडं कुतूहल, एवढं पुरतं. माझ्या अनुभवाच्या काही गोष्टी सांगते.

जाहीर झालेली तारीख पक्की समजू नका. आदल्या दिवशी आणि त्या दिवशी सकाळी पुन्हा बघून घ्या. इस्रोची उड्डाणं त्यांच्या स्वतःच्या यूट्यूब वाहिनीवर दिसतात, मोठी उड्डाणं दूरदर्शनवरही दिसतात. अर्धा तास आधी लावा, म्हणजे काय चाललंय ते कळायला लागतं.

स्वयंपाक आधी उरका. गॅसवर काही ठेवून बघायला बसू नका. माझी एकदा खीर करपली आहे.

एक वही करा. तारीख, रॉकेटचं नाव, वर काय नेलं, किती मिनिटांनी काय झालं, आणि फसलं तर कुठं फसलं. पाच-सहा उड्डाणांनंतर तुम्हीच मुलांना आधी सांगाल, "आता बूस्टर सुटणार बघ." वही मुलांना लिहायला लावा, पण तुमचीही स्वतंत्र ठेवा.

अमेरिकेतली उड्डाणं पुष्कळदा आपल्याकडे अवेळी असतात. झोप मोडू नका, ती सकाळी चहाबरोबर बघता येतात. फक्त ह्यांना निकाल आधी सांगू नका म्हणून बजावून ठेवा.

श्रीहरिकोट्याला जायचं झालं तर नावनोंदणी इस्रोच्या संकेतस्थळावर उड्डाणाच्या थोडे दिवस आधी सुरू होते. नियम तेव्हाचे तेव्हा वाचून घ्या. ओळखपत्र, पाण्याची बाटली, टोपी आणि कोरडा खाऊ जवळ ठेवा. आणि माझ्यासारखं करू नका: परतीचं तिकीट त्याच दिवसाचं काढू नका. दोन दिवस हाताशी ठेवा. तरीही उड्डाण झालं नाही, तर मन घट्ट करून घरी या.

मी अजून डोळ्यांनी उड्डाण पाहिलेलं नाही. वॉशिंग मशीन पुढच्या वर्षी आलं; आता वेगळ्या डब्यात पुन्हा पैसे टाकते आहे. या खेपेला त्या डब्यात सासूबाईही त्यांच्या पेन्शनमधले टाकतात. "मला ते पाण्यातून जाणारं रस्त्याचं बघायचंय," असं वर सांगतात.

तर त्या बुधवारी, बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी पडद्यावर धूर उसळला आणि विरला. बूस्टर पायांवर उभा होता. "आला हो आई, आला!" मी म्हटलं. सासूबाईंनी सुस्कारा सोडला आणि उठून तवा ठेवायला गेल्या. मी मागं जाऊन विचारलं, "आई, वर माणसं गेलीत ती सोडून तुम्हाला त्या रिकाम्या नळकांड्याचीच एवढी काळजी का?"

त्या पाठमोऱ्याच होत्या. म्हणाल्या, "तुझे सासरे तीस वर्षं बेलापूर पट्टीत कंपनीत होते. रात्रपाळी असली की मी जागीच असायची. कंपनीची बस नाक्यावर थांबल्याचा आवाज आला, की मगच डोळा लागायचा. जाणाऱ्याला निरोप द्यायला सगळे असतात गं. आला का, ते बघणारं कुणीतरी लागतं."

मग तव्यावर पहिली पोळी पडली.